रायफलची साखळी

पोलिसाने ड्युटीवर स्वतःला कसं सांभाळावं, याचं शिक्षण आम्हाला फारसं कोणी दिलं नाही. रायफल कशी सांभाळावी याचं मात्र रग्गड दिलं. ट्रेनिंगला असताना आमचा उस्ताद आम्हाला चिखलात आडवं पडायला लावायचा आणि पडताना रायफल वर राहिलीच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. एकदा माझा गुडघा दगडावर आपटून फुटला. उस्तादाने आधी रायफलचा दस्ता निरखून बघितला, त्यावर ओरखडा नाही याची खात्री केली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुडघा भरून येतो. दस्ता सरकारी आहे." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. त्या वयात असल्या गोष्टींचं हसूच येतं.

नव्वदच्या आगेमागे माझी बदली मीरा-भाईंदरला झाली. मिठागरांच्या कडेने इमारती भराभर उभ्या राहत होत्या. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून नोकरदार माणसं बायकामुलांना घेऊन इकडे येत होती आणि आल्यावर त्यांना कळत होतं की नळ आहेत, पण नळाला पाणी नाही. त्यामुळे आमची निम्मी ड्युटी चोर पकडण्यात नाही, टँकरपाशी जायची. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत टँकर आला की पोलीस, भाईंदर पूर्वेला टँकर नाही आला की पोलीस. मी कोकणातल्या नदीकाठचा. पाण्यासाठी शिकलीसवरलेली माणसं एकमेकांच्या अंगावर बादल्या घेऊन धावतात, हे मी पहिल्यांदा तिथे बघितलं.

या टँकर ड्युटीवर माझी गाठ एका हवालदारांशी पडली. ते माणदेशातले, माझ्याहून बरेच मोठे, मिशा पिकायला लागलेल्या. मी त्यांना दादा म्हणायचो आणि ते मला कोकण्या. पहिल्याच दिवशी एका घरच्या भांडणात मी तावातावाने आत शिरायला निघालो, तर त्यांनी मागून माझा पट्टा धरला.

"काय रं कोकण्या, लगीन व्हायचंय न्हवं तुझं?" ते म्हणाले. "भांडणाच्या घरात शिरायच्या आधी सैपाकघराकडं बघावं. इळी, सुरी, उलथणं, समदं तिथं असतंय."

मग ते स्वतः दारात तिरके उभे राहिले, आत नजर टाकली आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी बाहेर बोलावलं. भांडण तिथेच अर्धं निवलं.

मला शिकवलं ते त्यांनी. घोडबंदर रस्त्यावर ट्रक थांबवायचा तर चाकांच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, ड्रायव्हरच्या अंगाला राहायचं. चहा प्यायचा तर पाठ भिंतीला लावून. जमावात शिरताना परत यायची वाट आधी हेरून ठेवायची. बाकीचे शिपाई त्यांची टिंगल करत. हवालदार रस्ता ओलांडतानाही पंचनामा करून ओलांडतात, असं म्हणत. ते मनावर घेत नसत. "मेल्यावर फोटोला हार घालत्यात, पर तो बी दुसऱ्या दिशी वाळतोय," एवढंच म्हणायचे आणि तंबाखू मळायला लागायचे.

इतका जपून राहणारा माणूस एका गोष्टीत मात्र आंधळा होता, आणि ती गोष्ट म्हणजे रायफल. हत्यारी ड्युटी लागली की ते खिशातून एक साखळी काढायचे. प्रवासात लोक सामान बाकाला बांधून ठेवतात तसली, पण जाडसर. तिचं एक टोक रायफलच्या पट्ट्याच्या कडीत आणि दुसरं स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याभोवती, आणि त्याला छोटं कुलूप. चावी सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवायची आणि वरून खिशाचं बटण लावायचं. बटण लावल्यावर खिशावर एकदा थाप मारून बघायचे.

हे काही त्यांचं एकट्याचं खूळ नव्हतं. बँकेच्या नाहीतर तिजोरीच्या गार्डवर राहिलेले पुष्कळ जुने शिपाई तसं करत. डुलकी लागली आणि कोणी हत्यार ओढून नेलं, तर साखळीला हिसका बसून जाग यायची. कोणी लेखी हुकूम दिलेला नव्हता, एकाचं बघून दुसरा करायचा. पण हवालदारांना त्याहून मोठं कारण होतं. त्यांच्याच भरतीचा, त्यांच्याच गावाकडचा एक शिपाई एसटीने रायफल घेऊन जाताना झोपला. उतरायची वेळ आली तेव्हा बाकाखाली रायफल नव्हती. ती शेवटपर्यंत सापडली नाही. तो निलंबित झाला, विकली असेल असा संशय आला, बायको माहेरी गेली, आणि कधीकाळचा तो रुबाबदार गडी मळका सदरा घालून साहेबांच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसलेला हवालदारांनी बघितला होता. त्याने यांना ओळखही दिली नाही म्हणे.

"माणूस गेला तर बायकोला पेन्शन मिळती," ते मला एकदा म्हणाले. "रायफल गेली तर जित्या माणसाचं मढं हुतंय."

तेव्हा ते मला पटलंही होतं.

भाईंदर पूर्वेला एका चाळीत त्यांची खोली होती. मी एकटा जीव, खानावळीचं खाऊन कंटाळलेला, म्हणून रविवारी मला तिथे जेवायचं आमंत्रण ठरलेलं असायचं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, बाजरीच्या भाकरी थापायच्या आणि शेंगदाण्याची आमटी इतकी झणझणीत करायच्या की मला पाणी प्यावं लागायचं. तेही जपून, कारण पिंपातलं पाणी उद्यापर्यंत पुरवायचं असायचं. "भाऊजी, कोकणात तिखट महाग हाय का वो?" असं त्या मला चिडवायच्या. हवालदार भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे. घरातसुद्धा.

त्या दिवशी सकाळी महसूल खात्याचे एक साहेब ठाण्यात आले. खाडीत रेती काढणाऱ्यांवर धाड घालायची होती आणि त्यांना पोलीस हवे होते. वरसाव्याच्या पुलाच्या आसपास तेव्हा रेती काढणारे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, उभे असत. माणसं बांबूला धरून तळाशी बुडी मारायची, बादली भरून वर यायची, पडावात ओतायची आणि पुन्हा खाली जायची. परवानगी कोणाला होती आणि कोणाला नव्हती ते खाडीला ठाऊक. आमच्या मोठ्या साहेबांनी हवालदारांना आणि मला पाठवलं. हवालदारांकडे रायफल आणि माझ्याकडे काठी.

हवालदार त्या मोठ्या साहेबांसमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. त्यांना अशी विनवणी करताना मी कधी बघितलं नव्हतं.

"साहेब, रायफल ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले. "होडीतलं काम हाय. मी नुसती काठी घेतो."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अहो, मागच्या वेळी यांनी फावडी भिरकावली होती. रायफल दिसली की गप्प बसतात. चालवायची कुठे आहे? दिसू दे फक्त."

रायफल बरोबर घ्यावीच लागली. जीपमध्ये बसल्यावर हवालदारांनी मला विचारलं, "पवायला येतंय ना रं तुला?"

"येतं की. तुम्हाला?"

"आमच्याकडं बुडायपुरतं पाणी कुठं असतंय?" ते हसले, पण त्यांचा हात खिशातल्या साखळीकडे गेलेला मी बघितला.

काठावर एक कोळी त्याची होडी घेऊन थांबला होता. महसूलचे साहेब, हवालदार आणि मी, आम्हा तिघांना चढताना बघून तो म्हणाला, "मधी बसा, साहेब. होरी हलकी हाय, उठाचा न्हाय." हवालदार चढायच्या आधी काठावरच थांबले, त्यांनी साखळी काढली, कडीत अडकवली, कमरेला कुलूप लावलं, चावी खिशात टाकून बटण लावलं आणि खिशावर थाप मारली. मी म्हटलं, "दादा, रायफल तुम्हाला बांधलीय की तुम्ही रायफलला?" ते म्हणाले, "येकच की." होडी म्हणजे त्यांच्या लेखी हलणारी जागा, आणि हलत्या जागेत हत्यार निसटतं, एवढंच त्यांना कळत होतं. मीही बरोबरच्या माणसाची चेष्टा करण्यापलीकडे काही विचार केला नाही, आणि दुसऱ्या कोणी केला असता असंही मला वाटत नाही.

ओहोटी लागलेली होती आणि पुलाकडे पाण्याला चांगलीच ओढ होती. आम्ही जवळ येतोय हे बघून दोन पडाव तसेच उभे राहिले. तिसऱ्याने इंजिन चालू केलं. महसूलचे साहेब ओरडायला लागले, "ए, थांबव! थांबव म्हणतोय ना!" आणि ओरडता ओरडता उभे राहिले, एक हात वर करून, रस्त्यावरची गाडी थांबवावी तसे. कोळी बोंबलला, "बस, बस खाली!" त्याच वेळी त्या पडावाचा नांगराचा दोर पाण्यातून ताणला जाऊन वर आला तो नेमका आमच्या होडीखालून. होडीची एक बाजू उचलली गेली. पुढचं मला आठवतं ते नाकातोंडात गेलेलं खारं पाणी.

वर आलो तर उलटलेल्या होडीला महसूलचे साहेब लटकले होते आणि कोळ्याने त्यांची कॉलर धरली होती. हवालदार दिसेनात. मग जरा अंतरावर पाण्यातून आधी रायफल वर आली. दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली, आडवी, सरळ. तिच्याखाली त्यांचं तोंड.

इतकी वर्षं झाली, पण मी बादलीत हात घातला तरी कधी कधी मला तेच दिसतं. पोहता न येणारा माणूस हात मारतो, जे मिळेल ते धरतो, दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. यांनी ते काहीच केलं नाही. पडताना रायफल वर, एवढंच त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. दोन्ही हात तिला दिलेले, मग पाण्याला द्यायला हात उरलाच कुठे?

मी हात मारत पोचलो. ते ओरडले, "धर! रायफल धर!" मला वाटलं, हिचं ओझं काढून घेतलं तर हे तरंगतील. मी नळी धरून खेचली. साखळी ताणली गेली आणि तिच्याबरोबर त्यांची कंबर माझ्याकडे ओढली गेली, डोकं मागे, पाण्याखाली. मी रायफल सोडून त्यांना धरलं. "खिसा," ते म्हणाले, "चावी." मी त्यांच्या छातीवर चाचपलं. खाकी भिजून फुगली होती, बटण बोटांत येत नव्हतं. खालून रायफल ओढत होती, बूट ओढत होते, ओहोटी आम्हा दोघांना पुलाकडे नेत होती. मी दातांनी ते बटण तोडायला गेलो आणि पाणी गिळलं. खोकला आला आणि त्यात माझी पकड सुटली.

पुन्हा बुडी मारली तर खाली सगळं गढूळ. हाताला काहीच लागलं नाही.

तेवढ्यात धडाधड माणसं पाण्यात पडल्याचा आवाज झाला. ज्यांना पकडायला आम्ही आलो होतो तीच ती माणसं, रेतीची बुडी मारणारी. एकाने मला केसाला धरून वर खेचलं आणि पडावाकडे ढकललं. "साब, आप ऊपर जाओ, हम देखते हैं," तो म्हणाला आणि खाली गेला. त्यांचं कामच ते होतं, तळाशी जायचं आणि वर आणायचं. ते जात होते, येत होते, मान हलवत होते, पुन्हा जात होते. मी पडावाच्या काठाला धरून खाली वाकून बघत होतो आणि मोठमोठ्याने रडत होतो. वर्दीतला माणूस असा रडताना त्यांनी आधी बघितला नसावा.

त्यांनी हवालदारांना वर आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. पडावातल्या ओल्या रेतीवर त्यांना निजवलं. पोट दाबलं, छाती दाबली, उलटं केलं. तोंडातून पाणी आलं, दुसरं काही आलं नाही. रायफल त्यांच्या शेजारी, साखळीला तशीच अडकलेली होती. ज्याने मला वर खेचलं होतं तो बुडीवाला ती साखळी हातात घेऊन बघत राहिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ये क्यों बाँधा था, साब?"

पडाव काठाला लागला तेव्हा मोठे साहेब येऊन पोचले होते. ते गुडघ्यावर बसले. हवालदारांच्या खिशाचं बटण त्यांनी स्वतः काढलं, चावी घेतली, कुलूप उघडलं. कोरड्या जमिनीवर ते पटकन उघडलं. साखळी सोडवून त्यांनी बाजूला ठेवली आणि तशाच बसलेल्या अवस्थेत त्यांनी तोंडावरून हात फिरवला. त्या दिवशी कोणाला अटक झाली नाही. पडाव गेले ते कोणी बघितलं नाही.

पुढे यावर पुष्कळ बोलणं झालं. महसूलचे साहेब उभे का राहिले, पडावाने इंजिन का चालू केलं, होडी कोणी ठरवली. साखळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? प्रत्येक ठाण्यात कोणाच्या तरी कमरेला ती होतीच, आणि त्यानंतरही राहिली. काही वर्षांनी गार्ड ड्युटीवर एका नव्या शिपायाला ती बांधताना बघून मी त्याच्यावर इतका भडकलो की तो बिचारा घाबरून गेला. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. मी आजही भडकतो. दादांइतका जिवाला जपणारा पोलीस मी दुसरा बघितला नाही. विळीपासून, ट्रकपासून, जमावापासून त्यांनी स्वतःला वाचवलं, मलाही वाचवलं. पण नोकरीची भीती जिवाच्या भीतीच्या वर कोणी आणि कधी नेऊन बसवली, हे त्यांना कळलंच नाही. ते मला सलतं, आणि सलत राहणार.

काठावर तेव्हा साहेबांनी विचारलं, "घरी कोण जाईल?" सगळे माझ्याकडे बघत होते.

जीपने मला चाळीच्या तोंडाशी सोडलं. कपडे अंगावरच अर्धवट वाळले होते, टोपी खाडीत गेली होती, पायातल्या बुटांतून पाणी वाजत होतं. दुपारची वेळ, चाळीत सामसूम. वहिनी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्या पटकन उठल्या.

"अगं बया, भाऊजी! ह्ये काय? कुठं पडला?"

"वहिनी, होडी उलटली," मी म्हटलं. "खाडीत. आम्ही सगळे होतो."

त्यांनी हातातलं सूप उंबऱ्यावर ठेवलं. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं त्यांना कळलं, आता पुढचं मला बोलावं लागणार नाही. पण त्या माझ्याजवळ आल्या, शेजारच्या खोलीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आन रायफल? रायफल गावली का?"

मी मान हलवली. "मिळाली."

त्यांनी डोळे मिटून देवाला हात जोडले. मग एकदम घाईला लागल्या, मला आत घेतलं, टॉवेल दिला, स्टोव्हसमोर बसल्या. "देवानंच राखलं बघा," त्या म्हणाल्या. "न्हाईतर ह्यांनी हाय खाल्ली असती. जमा करायला थांबले असतील न्हवं? येतीलच आता भिजून. दोघांपुरता च्या टाकते." त्या स्टोव्हला पंप मारत होत्या. टॉवेल तसाच माझ्या हातात होता.

"कुनी काढली वो?" त्यांनी विचारलं. "इतक्या पाण्यातनं?"

"रेतीवाल्यांनी," मी म्हटलं. "वहिनी, ती दादांच्या कमरेलाच होती."

पंप थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या मागे, उघड्या दाराकडे.